आधी रिकामा कप हुंगावा

तेहतीस वर्षं मी एका कंपनीत चहा चाखायचं काम केलं. लोकांना वाटतं, काय मजा असेल, दिवसभर आयता चहा! दिवसाला दोनशे कप चाखून बघा, म्हणजे कळेल. चमच्याने घोट सर्रकन ओढायचा, तोंडभर फिरवायचा, थुंकायचा आणि पुढच्या कपाकडे सरकायचं. गिळायचं नाही. शेवटी कागदावर एक शब्द लिहायचा. माझा सगळ्यात वरचा शब्द होता ‘चालेल’. मी ‘चालेल’ लिहिलेल्या चहावर व्यापाऱ्यांच्या उड्या पडत. हे फुशारकी म्हणून नाही, माहिती म्हणून सांगते.

पहिल्या दिवशी मला एक नियम शिकवला गेला आणि तो मी अजून पाळते. चहा ओतण्याआधी रिकामा कप हुंगायचा. कपाला साबणाचा, फडक्याचा किंवा कालच्या चहाचा वास असेल तर पुढचं सगळं मुसळ केरात. घरीही सकाळी मी आधी कप हुंगते. कुणाकडे गेले तरी हुंगते. त्यावरून माझी सख्खी बहीण दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हती. आमचे हे मात्र कधी काही म्हणाले नाहीत. छत्तीस वर्षं रोज सकाळी समोर बसून बघतात आणि मी कप खाली ठेवला की मुकाट्याने त्यात चहा ओततात.

हे विमा कंपनीत कारकून होते. निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्यांनी रंधा, करवत आणि पटाशी आणली आणि इमारतीच्या तळघरात सुतारकाम मांडलं. पहिलं स्टूल घेऊन वर आले तेव्हा चेहरा असा फुलला होता की विचारू नका. मी बसून बघितलं आणि म्हटलं, “डुगडुगतंय.” मग एक पेटी केली. मी म्हटलं, “झाकणाला फट आहे. ही पेटी कसली, ही खिडकी.” मग एक मांडणी केली, बाहेरून चकचकीत. मी आत हात घातला तर बोटात लाकडाची कूस गेली. “बाहेरून नवरदेव आणि आतून कोरं लाकूड,” मी म्हटलं, “ह्याला कामचुकारपणा म्हणतात.”

तिन्ही वेळा मी खरं तेच बोलले होते. त्यांनी उलट उत्तर दिलं नाही. फक्त केलेल्या वस्तू वर आणून दाखवायचं बंद केलं. मला वाटलं, नाद सुटला असेल.

नाद सुटला नव्हता. माझी भाची, बहिणीची मुलगी, लहानपणापासून आमच्याकडेच वाढली. एका जागी दोन मिनिटं टिकायची नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. ती बारा टेबलांच्या एका रेस्टॉरंटमध्ये काम करते. सहा वर्षं तिने तिथे ताटं वाढली आणि उचलली. ह्या वर्षी मालकीणबाईंनी तिला वाइन निवडायचं काम दिलं. तिने काय करावं? तडक ह्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, “काका, नवीन ग्लासांसाठी कपाट करून द्या. बाजारातलं नको, तुमच्या हातचं हवं.”

दोन महिने हे तळघरात होते. मला खाली यायची बंदी होती. कपाट झालं ते परस्पर टेम्पोत चढलं आणि रेस्टॉरंटला गेलं. “तिथे लागलं की बघ,” एवढंच म्हणाले. त्यालाही दोन आठवडे उलटले. मी विचारलं नाही आणि त्यांनी नेलं नाही. पण चालताना खांदे मागे टाकून चालायला लागले होते, ते मला दिसत होतं.

एका रविवारी दुपारी भिंगरी आली आणि तिने एक बाटली टेबलावर आदळली.

“मावशी, माझी जीभ गेली.”

“कुठे गेली? एवढं बोलतेस तर.”

ती हसली नाही. मग मी गॅस बंद केला आणि तिच्यासमोर बसले.

ती सांगायला लागली. माल आणणाऱ्या व्यापाऱ्याकडे तिने एका दिवशी तीस वाइन चाखल्या आणि एका स्पॅनिश रेड वाइनपाशी थांबली. ही एका द्राक्षाची नव्हे, तीन जातींच्या द्राक्षांची मिसळ. बहुतेक तेम्प्रानियो, त्याच्या खालोखाल गार्नाचा आणि चिमूटभर ग्रासियानो. वर्षभर ओकच्या पिंपात मुरवलेली. तिच्या शब्दावर मालकीणबाईंनी वीस खोकी मागवली, त्या वाइनसाठी मोठ्या पोटाचे ते नवीन ग्लास काढले आणि गुरुवारी पहिली बाटली उघडली.

“त्यांनी एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. म्हणाल्या, फर्निचरच्या दुकानात उभं राहून पितेय असं वाटतंय. नुसतं लाकूड.”

“त्यांचं तोंड कडू असेल.”

“मलाही तसंच लागलं, मावशी! शुक्रवारी दुसरी बाटली उघडली, तीही तशीच. मी ज्या वाइनवर जीव टाकला, ती ही नव्हेच.” तिने बाटलीच्या लेबलाचा कोपरा नखाने उचकटला. “उद्या चार वाजता त्या शेवटचं चाखणार आहेत. तशीच लागली तर खोकी परत जाणार, वाइन त्या स्वतः निवडणार आणि मी परत ताटं उचलणार. ताटं उचलायचं मला काही वाटत नाही गं. पण मी छातीठोकपणे सांगितलं होतं की ही चांगली आहे. ते चुकलं असेल तर ह्यापुढे मी स्वतःवर विश्वास कसा ठेवू?”

हे मात्र मला लागलं. चाखणाऱ्याची एक चूक माफ असते, पण एकदा स्वतःच्या जिभेवरचा भरवसा उडाला की माणूस दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून शब्द लिहायला लागतो. असे मी कंपनीत पाहिले आहेत.

मी उठून कपाटातून माझ्या पांढऱ्या वाट्या काढल्या, चमचा काढला, थुंकायचं भांडं घेतलं. वाटी हुंगली. हे खिडकीशी पेपर वाचत होते, त्यांनी वर बघितलं आणि परत पेपरात डोकं घातलं.

भिंगरीने वाइन ओतली. पांढऱ्या चिनी मातीत तिचा रंग खुलला. मध्ये गडद डाळिंबी आणि कडेला जुन्या विटेची झाक. मी वाटी नाकाशी धरली. आधी आला पिकून फुटायला आलेल्या आलुबुखारचा वास, मागोमाग चेरीचा. वाटी जरा हलवली तर खालून व्हॅनिला आला, मग किंचित लवंग, आणि सगळ्यात शेवटी शाळेच्या नव्या दप्तराच्या चामड्याचा वास. मी घाई केली नाही. असे वास बोलावून येत नाहीत, थोडं गप्प बसावं लागतं.

मग चमचा भरून घोट ओढला.

“पाइपात हवा आली वाटतं,” हे पेपरामागून म्हणाले. हा विनोद ते छत्तीस वर्षं करतात.

जिभेवर आधी फळ होतं, मग आंबटपणा, जागच्या जागी. आणि मग हिरड्यांवर ती ओढ आली, तुरट, कोरडी, सगळं तोंड जरा आवळून धरणारी. ती मला नवी नव्हती. चांगल्या कडक चहात हीच असते, तिच्यावर तर मी आयुष्य काढलं. लाकूड होतं का? होतं. पण ते फळाच्या खांद्यावर हात ठेवून उभं होतं, पुढे येत नव्हतं. तोंडात सगळं विरलं तरी ती गोडसर धुरकट आठवण बराच वेळ मागे रेंगाळत राहिली, आणि मला एकदम बरं वाटलं. कारण नसताना माणसाला बरं वाटतं, तसं.

भांडं पुढ्यात होतं. मी थुंकले नाही. गिळलं.

पेपर खाली आला. “गिळलंस?” ह्यांनी विचारलं.

“चालेल,” मी म्हटलं.

भिंगरीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडायला लागली. आमच्या घरात ‘चालेल’ म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. लहानपणी तिच्या एकाही चित्राला तो शब्द मिळाला नव्हता.

“मग तिथे काय होतं हिला?” ती डोळे पुसत म्हणाली. “खोकं तेच, बाटली तीच.”

“ते तिथे येऊन बघावं लागेल,” मी म्हटलं. “उद्या चारला येते.”

“मीही येतो,” हे म्हणाले. आणि मग, जरा थांबून, दुसरीकडे बघत, “म्हणजे कपाटही बघून होईल.”

सोमवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. वाटेत दोनदा रुमालाने तळहात पुसले. छत्तीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला आपल्या परीक्षेची भीती वाटते हे काही कौतुकाचं नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

कपाट आत शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीला होतं. मी बघतच राहिले. माणसाच्या उंचीचं, दोन दारांचं, सांधे असे बसलेले की नख शिरू नये. दार उघडलं तर आवाज नाही, लावलं तर हलकेच मिटलं, केसाएवढी फट नाही. आत तीन फळ्यांवर मोठ्या पोटाचे ग्लास ओळीने पालथे मांडलेले. स्टूल डुगडुगवणारा माणूस तो हाच का, असं मला वाटलं.

“आत हात फिरव,” हे हळूच म्हणाले. “कूस लागणार नाही. आतून तीन हात व्हार्निश दिलंय. पाठवायच्या आदल्या दिवशी अजून दोन दिले.”

मी आत हात घातला. काचेसारखं गुळगुळीत होतं. आणि त्याच वेळी माझ्या नाकाला काहीतरी लागलं, पण तेवढ्यात मालकीणबाई आल्या.

बाई पन्नाशीच्या, तुडतुडीत, पण वाईट नव्हत्या. “तुम्हीच का टी-टेस्टर मावशी? बसा. आज तुमच्यासमोर काय तो सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे.”

भिंगरीने कपाटातून चार ग्लास काढले, कोरड्या फडक्याने पुसले आणि टेबलावर ठेवले. मग तिने बाटली उघडली. मी माझा ग्लास उचलला आणि ओतण्याआधी नेहमीसारखा हुंगला.

व्हार्निश. ताजं लाकूड आणि व्हार्निश. पोट मोठं आणि तोंड लहान, त्यामुळे सगळा वास आत कोंडून बसलेला.

क्षणात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नव्या कपाटात ग्लास पालथे, दारांना फट नाही, आणि आत एक सोडून पाच हात व्हार्निश. दारं इतकी घट्ट का होती? कारण मी पेटीला खिडकी म्हटलं होतं. आतून पाच हात का? कारण मी मांडणीला कामचुकार म्हटलं होतं. माझ्याच दोन वाक्यांनी ते कपाट घडवलं होतं.

मी वर बघितलं. एका बाजूला भिंगरी, रात्रभर न झोपलेली. दुसऱ्या बाजूला हे, इस्त्रीच्या शर्टात, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मागून घेतलेल्या आपल्या कामाशेजारी बसलेले. तोंड उघडलं तर ह्यांची मान खाली जाणार, मिटलं तर तिची.

मग मी कधी केला नव्हता तो प्रकार केला. पळवाट काढली.

“मला ग्लासातून चव कळत नाही,” मी म्हटलं. “जुनी सवय. चहाचे चार पांढरे कप मिळतील का? सगळ्यांनाच द्या.”

मालकीणबाईंना मौज वाटली. कप आले. मी चारही हुंगले, कशाचाच वास नव्हता. भिंगरीने कपात वाइन ओतली. बाईंनी घोट घेतला, थांबल्या, आणखी एक घेतला. मग खुर्चीत मागे टेकल्या आणि त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली.

“ही ती नव्हे,” त्या म्हणाल्या. “ही तर किती छान आहे! फळ केवढं आहे, आणि गिळल्यावर काहीतरी गोड राहतंय.”

“तीच आहे,” भिंगरी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. “त्याच खोक्यातली आहे.”

“मग गुरुवारी काय झालं होतं? आणि आता मी काय गिऱ्हाइकांना वाइन कपबशीतून देऊ?”

मी टेबलक्लॉथवरची घडी सारखी करत बसले.

मग ह्यांनी हात पुढे केला. टेबलावरचा एक रिकामा ग्लास उचलला, त्याच्या तोंडाशी नाक नेलं, डोळे मिटले आणि हळूच वास घेतला. अगदी मी घेते तसा. मान तशीच जरा डावीकडे. तेरा हजार सकाळी समोर बसून बघितलेलं त्यांनी बिनचूक केलं.

“माझ्या कपाटाचा वास आहे,” ते म्हणाले. ग्लास खाली ठेवताना तो टेबलावर किणकिणला. “आतून व्हार्निश जास्त झालं. दोष वाइनचा नाही, हिचा तर नाहीच नाही. माझा आहे.”

भिंगरीने दुसरा ग्लास झडप घालून उचलला आणि नाकाला लावला. “अगं बाई! आणि मी मूर्ख, रोज वाइन हुंगत बसले. मावशी, लहानपणापासून तुझी नक्कल करून मैत्रिणींना हसवत आलेय मी, आणि एवढं एक माझ्या लक्षात येऊ नये!”

हे हसले, पण कसंनुसं. शर्टाच्या बाहीचं बटण चाचपत बसले. मला ते बघवेना.

“दोष ह्यांचा नाही,” मी म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं असेन, कारण आतून आचारी डोकावला. “मीच म्हटलं होतं, आतून कोरं ठेवता म्हणून. मीच म्हटलं होतं, फट आहे म्हणून. हा माणूस माझ्या भीतीने पाच हात देत बसला. अहो, कपाट उत्तम आहे. इतके सुरेख सांधे मी कुठे पाहिले नाहीत. उत्तम आहे.”

ह्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं.

“चालेल म्हण,” ते म्हणाले. “उत्तम म्हटलंस की खरं वाटत नाही.”

“चालेल,” मी म्हटलं, आणि ह्यांच्या रुमालाने डोळे पुसले. चारचौघांत. ह्या वयात.

मालकीणबाई दिलखुलास हसल्या. ग्लास गरम पाण्याने धुऊन उघड्या फळीवर ठेवायचे ठरले. खोकी परत जायची नाहीत हेही ठरलं. आणि भिंगरीला त्या म्हणाल्या, “पुढच्या महिन्याच्या वाइन तूच निवड. पण आधी ग्लास हुंग.” कपाट मात्र त्यांनी परत करायला साफ नकार दिला. आतलं व्हार्निश घासून काढून द्या, पण कपाट मला हवंच, म्हणाल्या.

तेव्हा कपाट टेम्पोतून आमच्या तळघरात आलं. ह्या वेळी मला खाली यायची बंदी नव्हती. रोज दुपारी आम्ही दोघं पॉलिशपेपर घेऊन बसायचो, हे वरच्या दोन फळ्या घासायचे आणि मी खालची. बोटांची सालपटं निघाली. मधे चहा व्हायचा. ते मला लाकडाच्या रेषा कुठल्या बाजूला जातात ते दाखवायचे, म्हणायचे, उलट घासू नकोस, आणि मी ऐकायचे. स्टूलही तिथेच होतं. मी त्यावर बसायचे. एका पायाखाली त्यांनी कधीतरी पातळ चकती लावली होती, आता ते डुगडुगत नव्हतं. मला दाखवायला मात्र ते कधी वर आणलं नव्हतं.

आठव्या दिवशी एक रिकामा ग्लास रात्रभर आत पालथा घालून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खाली गेलो. मी ग्लास हुंगला. मग मान आत घालून तिन्ही फळ्या हुंगल्या.

“गेला का?” ह्यांनी मागून विचारलं.

वास गेला होता. पार गेला होता, नावालाही उरला नव्हता. मान बाहेर काढायची, ‘चालेल’ म्हणायचं आणि टेम्पोवाल्याला फोन करायचा, एवढंच राहिलं होतं. मग मी वर स्वयंपाकघरात आणि हे इथे खाली.

तेहतीस वर्षं मी एकही खोटा निकाल दिला नाही. व्यापाऱ्यांनी मिनतवाऱ्या केल्या, साहेब रागावले, तरी नाही.

“नाही हो,” मी म्हटलं. “थोडा येतोय अजून. आणखी चार-पाच दिवस लागतील.”

ह्यांनी माझ्या हातातून ग्लास घेतला. मान जरा डावीकडे केली, डोळे मिटले आणि सावकाश वास घेतला. बराच वेळ घेतला.

“हो, येतोय,” ते म्हणाले, आणि मला नवा पॉलिशपेपर फाडून दिला.